वजनकाटा आधी, कायदा नंतर

संपादक महोदय,

गांजा कायदेशीर करावा की नाही यावर वाचकांची पत्रे येत आहेत. कुणी कॅनडाचे उदाहरण देतो, कुणी शंकराच्या प्रसादाचे. पण कायद्याच्या लेखी गांजा म्हणजे नेमके काय, हे फारसे कुणी सांगत नाही. आपल्या जिल्ह्यात हा प्रश्न दुकानातल्या पुडीपेक्षा उसाच्या फडातून जास्त येतो, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

१९८५ च्या एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे किंवा फळधारणेचे शेंडे. बिया आणि पाने शेंड्यासोबत नसतील, तर ती गांजात मोडत नाहीत. त्यामुळेच उत्तर प्रदेशात पानांपासून होणाऱ्या भांगेची परवानाधारक दुकाने चालतात. चरस म्हणजे झाडाचा वेगळा काढलेला चीक. खोड, मुळे आणि मुळाला चिकटलेली माती यांचा या व्याख्येत कुठेच उल्लेख नाही.

शिक्षा मात्र वजनावर ठरते. गांजा १ किलोपर्यंत असेल तर ती अल्प मात्रा, शिक्षा १ वर्षापर्यंत. २० किलोपेक्षा जास्त असेल तर व्यापारी मात्रा, तिथे किमान १० वर्षे, कमाल २०. शिवाय कलम ३७ मुळे जामीन मिळणे महाकठीण. मधल्या मात्रेला १० वर्षांपर्यंत.

आता उसातली कारवाई डोळ्यांसमोर आणा. आडसाली ऊस दहा-बारा फूट उंच, त्यात माणूस दिसत नाही, मग सरीतले झाड कुठून दिसणार? दिवस लहान होऊ लागले की झाड फुलोऱ्यात येते, त्यामुळे पावसाळा सरल्यावर छापे वाढतात. झाडे मुळासकट उपटून बांधावर आणतात, मोळी बांधून काट्यावर टाकतात आणि पंचनाम्यात आकडा लिहिला जातो. समजा तो २२ किलो आला. माती झटकली, मुळे आणि खोड छाटले, तर उरलेला शेंडा ७-८ किलो भरेल. तोही ओला. ओल्या फुलोऱ्यात तीन चतुर्थांशाहून जास्त पाणीच असते, म्हणजे वाळल्यावर दोन किलोच्या आसपास. वाळवण्याचा मुद्दा वादाचा आहे, तो सोडून द्या. नुसते खोड वेगळे काढले तरी माणूस २० किलोच्या पलीकडून अलीकडे येतो. मुंबई उच्च न्यायालयासह अनेक उच्च न्यायालयांनी ‘पाने, काड्या, शेंडे एकत्र मोजले, मात्रा संशयास्पद’ म्हणून जामीन दिले आहेत. गुन्हेगार सुटला म्हणून आपण चहाच्या टपरीवर न्यायालयाला बोल लावतो. खोट असते ती बांधावरच्या काट्यात.

लागवडीचा गुन्हा वेगळाच आहे. कलम २०(अ) खाली झाडे किती, वजन किती, याने फरक पडत नाही. शिक्षा १० वर्षांपर्यंत. म्हणजे उभ्या झाडाला लागवडीचे कलम नीट लावले, तर वजनाचा घोळ घालायची गरजच नाही. पण मोठा आकडा बातमीत बरा दिसतो, त्याला काय करणार.

शेतजमीन वाट्याने दिलेल्यांनी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. कलम ५४ प्रमाणे, कसलेल्या रानात झाड सापडले तर खुलासा देण्याची जबाबदारी कसणाऱ्यावर येते. आणि कलम ४६ प्रमाणे, आपल्या रानात अशी झाडे आहेत हे ठाऊक असूनही जमीनधारकाने कळवले नाही, तर त्यालाही शिक्षा आहे. तेव्हा फडात खत-पाण्याच्या फेरीला कंटाळू नका. संशयास्पद झाड दिसले तर उपटून ओढ्यात टाकू नका. पोलिसांना लेखी कळवा आणि पोच घ्या.

कायदेशीर करा म्हणणारे बरेचदा तागासारख्या धाग्यासाठी लावल्या जाणाऱ्या भांगेच्या झाडाकडे (हेम्प) बोट दाखवतात. ती वाट आधीपासून आहे. धागा आणि बियांसाठीच्या लागवडीला कलम १४ परवानगी देते. उत्तराखंडने २०१८ मध्ये पहिला परवाना दिला. अट अशी की टीएचसी हा नशा आणणारा घटक ०.३ टक्क्यांपेक्षा जास्त नको. हे डोळ्यांनी कळत नाही. फुलोऱ्याच्या शेंड्याचा नमुना प्रयोगशाळेत जातो. न तापवलेल्या झाडात टीएचसी बहुतांशी आम्लरूपात असते, म्हणून ते आम्ल ०.८७७ ने गुणून मूळ टीएचसीत मिळवतात. काढणी आठ-दहा दिवस लांबली की आकडा वर सरकतो, आणि मर्यादा ओलांडली तर उभे पीक नष्ट करावे लागते. जवळ प्रयोगशाळा नसताना उसाऐवजी हे लावा असे शेतकऱ्याला सांगणे म्हणजे त्याला बांधावर उभे करून शिडी काढून घेण्यासारखे आहे.

नशेसाठी खुल्या विक्रीला माझा विरोध आहे. कॅनडाने २०१८ मध्ये विक्री खुली केली, पण खाण्याच्या पदार्थाच्या एका पाकिटात १० मिलिग्रॅम टीएचसीची मर्यादा घातली. कारण साधे आहे. ओढलेला गांजा काही मिनिटांत चढतो, खाल्लेला अर्ध्या ते दोन तासांनी. ‘काहीच होईना’ म्हणून माणूस दुसरा लाडू खातो आणि मग दोन्ही एकदम चढतात. आपल्याकडे गुळाच्या ढेपेवरचे वजन तपासायची मारामार, तिथे लाडवातले मिलिग्रॅम कोण मोजणार? थायलंडने २०२२ मध्ये सगळे मोकळे केले आणि २०२५ मध्ये पुन्हा डॉक्टरच्या चिठ्ठीवर आणले.

मात्र खिशात पुडी सापडलेल्या कॉलेजच्या पोराला कोठडीत टाकून काही साधत नाही. कलम ६४अ सांगते की अल्प मात्रेतला किंवा सेवनाचा आरोप असलेला व्यसनी स्वतःहून सरकारमान्य ठिकाणी उपचार घेईल, तर त्या गुन्ह्याचा खटला चालत नाही. उपचार अर्धवट सोडले तर सवलत काढून घेता येते. नवा कायदा न करता एवढे आजही होऊ शकते, पण पालकांना ते ठाऊक नसते आणि ठाण्यात कुणी सांगत नाही.

आता मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरातच असल्याने ही जामीन प्रकरणे इथेच येणार. निदान एवढे व्हावे: पंचनाम्यात शेंडे, पाने आणि खोड-मुळे यांचे वजन वेगवेगळे लिहावे, ओले की वाळलेले ते नोंदवावे, काट्यावरच्या आकड्याचा फोटो जोडावा आणि २०२२ च्या नियमांप्रमाणे गांजाचा २४ ग्रॅमचा नमुना दोन प्रतींत दंडाधिकाऱ्यांसमोरच काढावा.

– ऊस उत्पादक व वकील, करवीर तालुका, जि. कोल्हापूर