मेंटॉरचा तास वेळापत्रकात आणा

माननीय उच्च शिक्षणमंत्री,
सादर नमस्कार.

मी पदवीच्या मुलांना शिकवतो. जितकी वर्षं शिकवतोय, जवळपास तितकीच वर्षं कागदोपत्री 'मेंटॉर', म्हणजे ठरवून दिलेल्या मुलांचा मार्गदर्शकही आहे. आधी एक कबुली देतो. मूल्यांकन समिती येण्याच्या आदल्या संध्याकाळी मी ४० मुलांच्या वर्षभरातल्या भेटींच्या नोंदी एका बैठकीत लिहून काढल्या आहेत. संशय नको म्हणून मध्येमध्ये पेनही बदललं. रकान्यात सगळीकडे एकच मजकूर: 'विद्यार्थ्याशी चर्चा केली. समाधान झाले.' समितीचंही झालं.

त्याच सत्रात माझ्या यादीतली एक मुलगी चौघांचा प्रकल्प एकटीने ओढत होती. मला हे कळलं निकालानंतर, तेही तिच्या मैत्रिणीकडून. पुढच्या प्रकल्पाच्या वेळी तिला बोलावून घेतलं. 'तुमचा भाग शुक्रवारपर्यंत द्या, नाहीतर मी सरांशी बोलेन', एवढंच तिला गटाला सांगायचं होतं. माझ्यासमोर सराव म्हणून पहिल्यांदा म्हणाली ते माफी मागितल्यासारखं. दुसऱ्यांदा आवाज चढला, मग डोळ्यांत पाणी आलं. पाचव्या खेपेला वाक्य सरळ आलं. या सगळ्याला पाऊण तास लागला. माझ्या कार्यभारात तो कुठेच धरला गेला नाही.

यावर उपाय म्हणून आम्ही व्यक्तिमत्त्व विकासाची एकदिवसीय कार्यशाळा घेतो. सभागृहात २०० मुलं, हस्तांदोलन कसं करावं, नजरेला नजर कशी भिडवावी, संध्याकाळी प्रमाणपत्रं. नाही म्हणणं, मदत मागणं, टीका ऐकून घेणं, भांडण झालेल्या माणसाबरोबर दुसऱ्या दिवशी काम करणं हे असं सभागृहात येत नाही. प्रसंग ताजा असताना कुणीतरी शेजारी बसावं लागतं.

अमेरिकेत एरिक बेटिंजर आणि रेचल बेकर यांनी १३ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांचा अभ्यास केला. चिठ्ठी टाकावी तसे निवडलेल्या काही मुलांशी मार्गदर्शक नियमित बोलत, बहुतेकदा फोनवरच: वेळ कसा सांभाळायचा, अडलं तर कुणाकडे जायचं. वर्षभराने शिक्षण चालू ठेवणाऱ्यांचं प्रमाण या गटात दर शंभरात सुमारे ५ मुलांनी जास्त निघालं. मार्गदर्शन संपल्यावरही फरक टिकला. फार मोठी यंत्रणा नव्हती हो. बोलण्यासाठी नेमलेला माणूस होता आणि त्याला त्यासाठी वेळ दिलेला होता.

तोच वेळ मी मागतोय. आठवड्याला एक तास, वेळापत्रकात छापलेला आणि कार्यभारात मोजलेला. एका शिक्षकाकडे १५ च्या वर मुलं नकोत. वरच्या वर्गातल्या काही मुलांनाही तयार करून सोबत घ्या. नव्या मुलाला जे आम्हाला सांगायची लाज वाटते, ते तो त्यांना सहज सांगतो. आणि आम्हाला थोडं प्रशिक्षण द्या. मी समुपदेशक नाही. मूल नुसतं बुजलंय की खरंच संकटात आहे, त्याला समुपदेशकाकडे कधी पाठवायचं, हे मला अजूनही अंदाजानेच ठरवावं लागतं.

बोललेलं फाइलमध्ये जाणार आहे असं दिसलं की मुलं गप्प होतात. तेव्हा भेट झाली की नाही एवढंच तपासा, काय बोलणं झालं ते विचारू नका. परिपत्रक काढाल, तर कृपया त्याला नोंदवहीचा नमुना जोडू नका.

आपला,
एक प्राध्यापक