रविवारची १० किमी शर्यत: धावणाऱ्या सभासदांसाठी सूचना

येत्या रविवारी शर्यत सकाळी ६ ला नेहरू स्टेडियमवरून सुटेल. आपण ५.१५ ला मुख्य फाटकापाशी जमायचं, ५.२५ ला वॉर्म-अप. उशिरा येणाऱ्यांसाठी थांबणार नाही.

बिब (धावणाऱ्याच्या क्रमांकाचा कागद) शनिवारी संध्याकाळी ७ पर्यंत स्वतः ओळखपत्र दाखवून घ्या आणि रात्रीच टी-शर्टला लावून ठेवा: छातीवर समोर, चारही कोपऱ्यांना सेफ्टी पिन. टायमिंग चिप म्हणजे बिबच्या मागे चिकटवलेली पातळ पट्टी. बिब दुमडलं किंवा त्यावर कमरेचा पाऊच आला, की रस्त्यावर अंथरलेल्या, वेळ नोंदवणाऱ्या मॅटवर चिप वाचली जात नाही आणि निकालात वेळ येत नाही. मग कितीही भांडा.

बिब दुसऱ्याला देऊ नका. त्यावर रक्तगट आणि घरचा नंबर तुमचा असतो. धावणाऱ्याला चक्कर आली तर फोन भलत्याच घरी जाईल.

• नवे बूट, नवे मोजे नकोत. बूट निदान ४०-५० किमी वापरलेले हवेत.
• पोहे-जिलबी नंतर. आधी दीड-दोन तास एखादं केळं किंवा टोस्ट. शनिवारी रात्री सराफ्याची खाऊगल्ली तर नाहीच!
• पहिले २ किमी ठरलेल्या वेगापेक्षा किलोमीटरमागे १०-१५ सेकंद सावकाश.
• पाण्याच्या ठिकाणी ओळीतल्या पहिल्या टेबलावर झुंबड असते, त्याच ओळीतल्या शेवटच्या टेबलावरचा पेला उचला. पेल्याचं तोंड चिमटीत दाबलं की पाणी नाकात जात नाही. रिकामा पेला डब्यातच.

ताप किंवा जुलाब असतील तर धावू नका. शनिवारीच ग्रुपवर कळवा.