गुरुपुष्याची घाई

ऑकलंड, २० जुलै

ती. आईस,
साष्टांग नमस्कार.

काल फोन मध्येच ठेवला, त्याचा राग धरू नकोस. ठेवला नसता तर दादाशी भांडण जुंपलं असतं आणि मग दिवाळीपर्यंत अबोला. म्हणून पत्र लिहितेय. बाबांना चष्मा लावून मोठ्यानं वाचायला सांग. वहिनींना शेजारी बसव, कारण सगळी चर्चा त्यांच्या पोटाची चाललीय आणि त्यांनाच कुणी विचारत नाही.

गुरुजींनी गुरुपुष्य काढून दिला, डॉक्टर त्या दिवशी सिझेरियनला तयार झाले, दादानं खोलीसुद्धा सांगून ठेवली. त्या दिवशी वहिनींचे ३७ आठवडेही पुरे होत नाहीत. तू म्हणालीस, "नववा लागलाच की गं." लागला, पण भरला कुठं? नऊ महिने नऊ दिवस हा हिशोब आपल्याच बायकांनी घालून दिलाय. आम्ही डॉक्टर शेवटची पाळी आल्या दिवसापासून २८० दिवस मोजतो, तेही जवळजवळ तेवढेच भरतात. आज्जीला कॅलेंडर वाचता येत नव्हतं, पण या हिशोबात ती चुकली नसती.

मी इथं नेमकं काय करते हे तुला एकदा नीट सांगायचं राहूनच गेलंय. बाबा सगळीकडं सांगत असतात, "डॉक्टर करून पाठवली, तर तिकडं मेंढरं राखती." खोटं नाही ते. मेंढी १४७ दिवसांत विते, आणि तिच्या साडेतीन महिन्यांच्या गर्भाचा मेंदू साधारण माणसाच्या सातव्या महिन्यातल्या बाळासारखा असतो. मेंढीला पूर्ण भूल देऊन आम्ही त्या कोकराच्या डोक्यावर केसासारख्या तारा बसवतो आणि त्याला परत पोटात ठेवतो. मग कित्येक दिवस, आईच्या पोटातच, त्याच्या मेंदूच्या लहरी पडद्यावर बघत बसते. कधी काही मिनिटं नाळेतलं रक्त रोखावं लागतं. त्या मिनिटांची मला अजून सवय झालेली नाही, होऊही नये. पण त्यातूनच कळलं की नाळ मोकळी केल्यावर मेंदू आधी सावरतो आणि मग सहा-आठ तासांनी दुसऱ्यांदा ढासळतो. जन्मताना गुदमरलेल्या बाळाला पहिल्या सहा तासांत गार करून वाचवायचा उपाय या मधल्या वेळातूनच निघाला.

आता दादाच्या मुद्द्यावर येते. "फुप्फुसं पिकवायचं इंजेक्शन देतात की आधी, मग काय अडलं?" असं तो म्हणाला. अरे दादा, ते इंजेक्शन याच गावातलं! इथले लिगिन्स नावाचे डॉक्टर १९६० च्या दशकात मेंढ्यांवर एकच प्रश्न घेऊन बसले होते : बाळंतपण सुरू कोण करतं, आई की बाळ? पोटातल्या कोकराची मेंदूखालची पीयूषिका ग्रंथी काढली तर दिवस उलटून गेले तरी मेंढी विईना. उलट कोकराला कॉर्टिसॉल या संप्रेरकाच्या जातीचं औषध दिलं तर ती वेळेआधीच व्यायली. म्हणजे मेंढरांत तरी मुहूर्त पोटातलं लेकरूच काढतं. (माणसात इतकं सरळ नाही, गुरुजींना लगेच सांगू नकोस.) त्या प्रयोगांत एक अपुऱ्या दिवसांचं कोकरू जन्मलं. ते मरायलाच हवं होतं, पण श्वास घेत होतं. औषधानं त्याची फुप्फुसं आधीच पिकली होती. मग हॉवी या बालरोगतज्ज्ञांबरोबर त्यांनी २८२ आयांवर हे औषध तपासलं आणि १९७२ साली छापलं. जगानं ते मनापासून स्वीकारायला १९९४ उजाडलं. मधल्या बावीस वर्षांत किती बाळं गेली असतील याचा विचार मी रात्री करत नाही.

पण ते इंजेक्शन ज्यांना थांबताच येत नाही त्यांच्यासाठी आहे. ३४ ते ३७ आठवड्यांत ठरवून सिझेरियन करायचं असेल तर ते देऊ नका, असं जागतिक आरोग्य संघटनाच सांगते. आणि पिकतात ती फुप्फुसं. मेंदू इंजेक्शननं भरत नाही.

सहाव्या महिन्याच्या सुमारास बाळाचा मेंदू नदीतल्या गोट्यासारखा बराचसा गुळगुळीत असतो. पुढं वरचा थर इतक्या झपाट्यानं वाढतो की कवटीत मावत नाही. मग निऱ्या पडतात. नऊवारी लुगडं तांब्यात कोंबायचं म्हटलं तर काय होईल, तसं. एमआरआयच्या अभ्यासात २९ ते ४१ आठवड्यांत मेंदूच्या या वरच्या थरातला राखाडी भाग सुमारे चौपट झालेला दिसला. ३४ आठवड्यांना, म्हणजे वहिनी आज आहेत तिथं, मेंदूचं वजन पूर्ण दिवसांच्या बाळाच्या ६५ टक्केच असतं. उरलेला तिसरा हिस्सा या सहा आठवड्यांत भरायचा आहे आणि आपण त्यातले तीन-साडेतीन आठवडे पंचांगापायी कापायला निघालोय.

घाबरवत नाही. ३७ व्या आठवड्यात जन्मलेली बहुतेक मुलं छान वाढतात. पण कारण नसताना पहिले चार दिवस बाळाला काचेच्या पेटीत आणि आईला दाराबाहेर का ठेवायचं?

शिवाय सिझेरियन कशासाठी, तर बाळ पायाळू. अगं, आत्ता पायाळू असलेली बरीच बाळं पुढच्या दोन-तीन आठवड्यांत आपणच डोकं खाली घेतात. दिवस भरताना शंभरात तीन-चारच तशी राहतात. नाहीच वळलं तर ३७ आठवड्यांनंतर अनुभवी हात पोटावरून वळवून बघतात, साधारण निम्म्या वेळा जमतं. तेही नाही झालं तर ३९ वा आठवडा पुरा झाल्यावर खुशाल सिझेरियन करा. २४ ऑगस्टनंतरचा कुठलाही मुहूर्त मला चालेल, अमावास्यासुद्धा. तात्यांना मात्र वाईट वाटेल. उसण भरलेल्यांना लाथ मारायला घरात दुसरा पायाळू येणार म्हणून ते खूश आहेत.

दादाची एक भीती मात्र खरी आहे, पुराची. २०१९ ला चिखलीतून माणसं बोटीनं काढली आणि हायवे बंद पडला, ते मीही विसरले नाही. सकाळी उठल्यावर आधी पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी बघते, मग चहा. पण त्याला उपाय वहिनींची जागा बदलणं, बाळाची तारीख नव्हे. मावशीशी मी बोललेय, तिच्या कोल्हापुरातल्या राजारामपुरीच्या घरातली मागची खोली रिकामी आहे. ३९ फुटांच्या इशाऱ्याची वाट बघू नका, येत्या रविवारी फाईल आणि गोळ्यांसकट वहिनींना तिकडं सोडून या.

आणि हे वहिनींसाठी. डोकं ठणकलं, डोळ्यांपुढं अंधारी आली, तोंड-हात एकदम सुजले, पाणी गेलं, अंगावरून लाल गेलं किंवा बाळाची हालचाल कमी वाटली, तर माझं पत्र बाजूला ठेवायचं आणि तडक दवाखाना. बीपी चढलं आणि डॉक्टर म्हणाले आजच काढू, तर आजच. तिथं मी आठवडे मोजत बसणार नाही.

डॉक्टरांना गुरुवारी मीच फोन करते, तुमच्या सकाळी अकराला. इथं साडेपाच वाजलेले असतील, मेंढ्यांचं आवरून होतं तोवर. दादाला म्हणावं खोलीचे पैसे परत मागू नको, तारीख तेवढी पुढं कर.

तुझी,
धाकटी