थाळनेरच्या कबरी आणि तुमच्या खात्याचा शब्द

मा. मंत्रिमहोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारी धुळे जिल्ह्यातल्या थाळनेरला माझ्या नववीच्या वर्गातली एक मुलगी घसरून पडली. पायाला 4 टाके पडले. फारुकी सुलतानांच्या मकबऱ्यांकडे जाणारी पायवाट वेड्या बाभळीने गिळून टाकली आहे. मागच्या उन्हाळ्यात त्याच पायवाटेवर उभं राहून तुमच्या खात्यातल्या एका साहेबांनी मला शब्द दिला होता, "पावसाळ्याआधी वाट मोकळी करतो, मराठी फलकही लावतो." पावसाळा येऊन गेला. 3 अर्ज केले, एकाचीही पोच नाही.

मी 19 वर्षं मुलांना तिथे नेतो आहे. 1370 मध्ये फिरोजशाह तुघलकाने मलिक राजाला थाळनेरची जहागीर दिली, तिथून हे फारुकी घराणं सुरू झालं. त्याच्या मुलाने, नसीर खानाने, असीरगड घेतला, तापीकाठी बुऱ्हाणपूर वसवलं. 1601 मध्ये अकबराने असीरगड घेईपर्यंत खान्देशावर यांचंच राज्य. खान्देश हे नाव खानांवरून की कान्हदेशावरून, यावर माझा वर्ग दरवर्षी भांडतो. भांडू दे. पण ज्यांच्यावरून भांडतो ते इथे निजलेत, हे मुलांना डोळ्यांनी दिसायला नको?

आणि काय बांधलंय! अष्टकोनी मकबऱ्याभोवती फिरून मुली आठ बाजू मोजतात, कोरीव दगडावरून बोट फिरवतात. मग मी विचारतो, चौरस खोलीवर गोल घुमट बसेल कसा? कोपऱ्यांत तिरप्या कमानी घालायच्या, चौकोनाचा अष्टकोन करायचा, त्यावर घुमट टेकवायचा. मान वर करून हे पाहिलेली मुलगी भूमितीला भीत नाही, मी पाहिलंय.

एका कार्यालयात मला ऐकवलं गेलं, "कबरीच तर आहेत सर, कोण बघतं?" साहेब, त्या रात्री मला झोप लागली नाही. ज्या इंग्रजांनी 1818 मध्ये याच थाळनेरच्या किल्लेदाराला फाशी दिलं, त्यांनीही 1880 च्या खानदेश गॅझेटियरात या कबरींची नोंद घेतली. आणि आपण आपल्याच मातीतल्या माणसांना 'कोण बघतं' म्हणतो. गावातले एक आजोबा म्हणाले, "आठे कोनीच येत नही." (इथे कोणीच येत नाही.) येणार कसे? वाट आहे का?

केंद्राने संरक्षित केलेल्या स्मारकाला कुणी इजा केली तर 2 वर्षांपर्यंत कैद, 1 लाखापर्यंत दंड. स्मारक बाभळीत सडू देणाऱ्याला काय शिक्षा आहे? खान्देशाची आठवण तुम्हाला केळीच्या भावात आणि मतांच्या वेळी येते. लतादीदींचं आजोळ म्हणून थाळनेरचं नाव भाषणात घेता. त्याच गावातल्या सहाशे वर्षांच्या दगडासाठी चार मजूर आणि दोन दिवस मिळत नाहीत. आमची मुलं इतिहास बघायला छत्रपती संभाजीनगरला, आग्र्याला जातात आणि परत येऊन विचारतात, आपल्याकडे काहीच नाही का हो सर? मी किती वर्षं उत्तर देऊ?

वाट, कुंपण, मराठी फलक. एवढंच मागतो.

टाके घालताना ती मुलगी रडली नाही. ती म्हणाली, "सर, दगडावर काय लिहिलं होतं ते सांगायचं राहिलं." मला ती लिपी येत नाही. फलकावर तेच मराठीत लिहून येणार होतं.

आपला,
एक इतिहास शिक्षक, जि. धुळे