मागच्या अंगणातल्या डेकविषयी

घोडबंदर रोड, ठाणे

तीर्थरूप आई आणि बाबा यांना शिरसाष्टांग नमस्कार.

मागच्या अंगणातला लाकडी डेक, म्हणजे फळ्यांची जमीन, पुन्हा सागवानातच करून घ्यावा की दुसरे काही निवडावे, हा विषय फोनवर निघाला की बाबा सुताराच्या दराकडे वळतात, आई मध्येच जेवणाचे विचारते आणि बोलणे तिथेच राहते. म्हणून सगळे सविस्तर लिहून पाठवत आहे. बाबांना कागदावर पेन्सिलीने खुणा करत वाचायला आवडते, तेव्हा समास मोठा सोडला आहे.

आधी बाबांची बाजू घेते, कारण ती चुकीची नाही. सागाच्या गाभ्यात नैसर्गिक तेल असते, त्यामुळे वाळवी आणि बुरशी त्याच्या वाटेला सहसा जात नाहीत. पण हा गुण गाभ्याचा आहे, कडेच्या पांढऱ्या लाकडाचा नाही. म्यानमारने एप्रिल २०१४ पासून सागाच्या ओंडक्यांची निर्यात बंद केली आणि आता बाजारात येणारे बरेच सागवान आफ्रिका किंवा लॅटिन अमेरिकेतल्या लागवडीचे असते. लवकर तोडलेल्या झाडात गाभा कमी आणि पांढरे जास्त निघते. तेव्हा 'सागवान' एवढ्या एका शब्दावर विसंबून आजोबांच्या काळातल्या दारा-खिडक्यांसारखे आयुष्य या फळ्यांकडून अपेक्षिता येणार नाही.

त्यातही आपले बेलापूरचे घर पारसिकच्या डोंगराच्या पायथ्याशी आहे. जून ते सप्टेंबर या काळात दोन-अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो, वरून डोंगराचे पाणी जमिनीतून झिरपत राहते आणि मागच्या भिंतीमुळे अंगणात वारा फिरत नाही. लाकडातला ओलावा वीस टक्क्यांच्या वर बराच काळ राहिला की कुजवणाऱ्या बुरशीला पोषक वातावरण मिळते. आपल्या डेकच्या खालच्या अंगाला पावसाळाभर ऊन लागत नाही, म्हणून वरून ठणठणीत दिसणारी फळी खालून भुसभुशीत झालेली आढळते. वरच्या बाजूला दरवर्षी तेल लावले तरी खालच्या बाजूचे काय, हा प्रश्न उरतोच. शिवाय ते तेल लावायचे म्हणजे मे महिन्याच्या उकाड्यात गुडघ्यांवर बसून पॉलिशपेपरने घासणे आले. बाबा, हे काम तुम्ही अजूनही स्वतः करता याचा मला अभिमान आहे आणि त्याहून अधिक काळजी आहे.

म्हणून पर्याय पाहताना मी प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला: वर्षभर कोणीही हात लावला नाही, तर याचे काय होईल? विक्रेते 'मेंटेनन्स फ्री' हा शब्द फार सढळपणे वापरतात. उघड्यावरच्या कोणत्याही जमिनीवर आपल्याकडे शेवाळ धरतेच. फरक एवढाच की ते खराट्याने आणि पाण्याने निघते, की त्यासाठी माणसाला वाकून घासावे लागते आणि दुर्लक्ष झाले तर वस्तूच निकामी होते.

सर्वांत जास्त आग्रह डब्ल्यूपीसीचा होतो, म्हणजे लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक एकत्र करून काढलेल्या फळ्यांचा. इथे एक घोळ लक्षात ठेवा. दाराच्या चौकटी आणि स्वयंपाकघरातली कपाटे यांसाठी डब्ल्यूपीसी म्हणून जे पांढरे हलके बोर्ड मिळतात, ते बहुधा पीव्हीसीच्या फोमचे असतात आणि डेकसाठी उपयोगाचे नसतात. डेकच्या फळ्या साधारणपणे एचडीपीई प्लास्टिकच्या, जड आणि घट्ट असतात. त्यांच्यातही दोन प्रकार आहेत. जुन्या पद्धतीच्या फळीत भुसा पृष्ठभागापर्यंत आलेला असतो, त्यामुळे ती थोडे पाणी पिते, तिच्यावर काळे ठिपके धरतात आणि रंगही लवकर उतरतो. नव्या पद्धतीत फळीला बाहेरून शुद्ध प्लास्टिकचे कवच चढवलेले असते. हिला कॅप्ड म्हणतात आणि घ्यायचीच झाली तर हीच घ्यावी. मात्र कवचावर खोल ओरखडा पडला तर सागासारखे रंधून किंवा घासून तो घालवता येत नाही, ती फळीच बदलावी लागते, आणि तोपर्यंत तो रंग कंपनीने बंद केलेला असू शकतो.

या फळ्यांचा दुसरा स्वभाव असा की उन्हाने त्या लाकडापेक्षा जास्त प्रसरण पावतात. तीन मीटर लांबीची फळी पहाटेच्या गारव्यापासून भर दुपारच्या तापापर्यंत तीन-चार मिलिमीटर वाढू शकते. तेवढी फट टोकांना सोडली नाही तर फळ्या कमानीसारख्या उचलल्या जातात. माझ्या ओळखीच्या एका सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये नेमके हेच झाले आहे, आणि त्या उचललेल्या कडांना पाय अडकून माणसे ठेचकाळतात. खालच्या सांगाड्याच्या पट्ट्या तीस-पस्तीस सेंटिमीटरपेक्षा लांब ठेवल्या तर फळी मधोमध वाकते, कारण प्लास्टिकमिश्रित फळीला सागाइतका ताठपणा नसतो. स्क्रू आणि क्लिपा स्टेनलेस स्टीलच्याच हव्यात. बेलापूर खाडीची हवा साध्या लोखंडाला टिकू देत नाही, हे आपल्या फाटकाच्या बिजागऱ्यांवरून तुम्हाला ठाऊक आहेच.

आई, तुझ्या दृष्टीने आणखी दोन गोष्टी. गडद रंगाची अशी जमीन मे महिन्यात इतकी तापते की तिच्यावर पापड छान वाळतील, पण ते उलटायला अनवाणी जाता येणार नाही. आणि दिवाळीत मुलांच्या हातून फुलबाजीची लाल तार खाली पडली तर कायमचा डाग राहील, कारण एचडीपीई सुमारे १३० अंशांना वितळते.

ॲल्युमिनियमचा डेक मी लवकर बाजूला ठेवला. तो कुजत नाही, वाळवी लागत नाही, वजनाला हलका असतो. पण घरगुती कामासाठी तो बसवणारे कारागीर आपल्याकडे सहज मिळत नाहीत आणि पत्र्यावर पडावा तसा पाऊस वाजत राहिला तर बाबांची दुपारची झोप गेलीच म्हणून समजा.

माझा कल दगडाकडे आहे. वास्तुकार चार्ल्स कोरिया यांनी ऐंशीच्या दशकात आपल्याच सेक्टर ८ मध्ये आर्टिस्ट व्हिलेज ही वसाहत आखली, तेव्हा अंगणे आणि सामाईक चौक हा घराचाच भाग मानला. उष्ण हवेच्या प्रदेशात उघड्या आकाशाखालची जागा खोलीइतकीच उपयोगी असते, हे ते आग्रहाने मांडत. अशा जागेला कोकणापासून देशापर्यंत आपल्या लोकांनी सारवलेली जमीन, दगड किंवा फरशीच घातली. फळ्यांचा डेक ही कोरड्या आणि थंड हवेतल्या घरांना शोभणारी गोष्ट आहे, आणि ती आपण मासिकांतली चित्रे पाहून आणली, असे माझे स्पष्ट मत आहे. बाबांना ते पटणार नाही, तरी लिहून ठेवते.

दगडातही निवड काळजीने करावी लागेल. शहाबादी, कोटा आणि कडप्पा हे तिन्ही मूळचे चुनखडीचे दगड आहेत. ते स्वस्त आहेत, कारागिरांच्या हाताला सवयीचे आहेत, पण शेवाळ काढण्यासाठी कोणी त्यांच्यावर ॲसिड ओतले तर दगड फसफसून खाल्ला जातो आणि मग त्या खडबडीत खळग्यांत शेवाळ अधिकच घट्ट बसते. आपल्याकडे कामाला येणाऱ्या बाई बाथरूमसाठी ठेवलेली बाटली सर्रास सगळीकडे वापरतात, त्यामुळे ही भीती नुसती कल्पनेतली नाही. शिवाय कडप्पा काळा असल्याने तापतो आणि पॉलिश केलेला कोटा ओला झाला की पाय घसरतो.

ग्रॅनाइटला ॲसिडचे तसे भय नाही. त्याच्या पृष्ठभागावर ज्वाला फिरवली की आतले गारेचे कण फुगून तडतडतात, वरचा पापुद्रा उडतो आणि दगड कायमचा खरखरीत होतो. यालाच फ्लेम फिनिश म्हणतात. करड्या किंवा फिकट रंगाचा, फ्लेम फिनिशचा ग्रॅनाइट उघड्या भागासाठी मला सर्वांत योग्य वाटतो. वर्षभर हात लावला नाही तरी त्याचे फार तर रूप मळेल. एक दिवस ब्लीचिंग पावडरचे पाणी टाकून लांब दांड्याच्या ब्रशने घासले की तो पूर्ववत होईल, आणि त्यासाठी कोणाला खाली बसावे लागणार नाही.

ग्रॅनाइटचा दर फार वाटला तर गुजरातेतल्या मोरबीकडून येणाऱ्या बाहेरच्या वापराच्या जाड पोर्सिलेन टाइल्स पाहता येतील. दुकानदार 'अँटीस्किड' म्हणाला एवढ्यावर समाधान मानू नका. खोक्यावर घसरण्याच्या चाचणीतला आर ११ किंवा त्याहून वरचा अंक आहे का ते पाहा. ती चाचणी तेल ओतलेल्या तिरक्या फळीवर बूट घातलेल्या माणसाला चालवून करतात. अनवाणी आणि ओल्या पायांसाठी निराळी चाचणी असते, तिची श्रेणी ए, बी, सी अशी असते आणि सी सर्वांत चांगली. आई तुळशीला पाणी घालायला पहाटे अनवाणीच जाते, म्हणून आपल्याला ही अनवाणी पायांची श्रेणी अधिक महत्त्वाची आहे.

आता अडचण. डेकचा एक मोठा गुण मी मुद्दाम शेवटी ठेवला आहे. आज स्वयंपाकघराच्या दारातून पाय न उचलता सरळ बाहेर जाता येते, कारण फळ्या उंबऱ्याच्या पातळीला आहेत आणि पाणी त्यांच्या फटींतून खाली जाते. दगड त्याच पातळीला आणायचा म्हणजे सोलिंग (दगडांचा थर) आणि पीसीसीचा (साध्या काँक्रीटचा) भराव जोत्यापर्यंत चढवावा लागेल, आणि तसे केले तर भिंतीत ओल शिरेल व जोराच्या पावसात पाणी दारातून आत येईल. बाहेरची जमीन जोत्यापेक्षा निदान पंधरा सेंटिमीटर खाली ठेवावी, हा बांधकामातला जुना नियम आहे आणि तो मोडू नये. पण पंधरा सेंटिमीटरची पायरी आईच्या गुडघ्यांना रोज नको.

म्हणून मी असे सुचवते की दारासमोर, छज्ज्याखाली येतो तेवढ्याच भागात कॅप्ड डब्ल्यूपीसीचा चार फूट रुंद कट्टा उंबऱ्याच्या पातळीला करावा. तिथे थेट ऊन आणि थेट पाऊस कमी लागतो, त्यामुळे या फळ्यांचे दोषही तिथे कमी जाणवतील. कट्ट्याच्या खालची जागा पुढून आणि बाजूंनी बारीक छिद्रांच्या स्टीलच्या जाळीने बंद करावी, म्हणजे हवा खेळेल पण उंदीर आणि त्यांच्या मागे डोंगरातून येणारी घोणस आत शिरणार नाही. सध्याच्या डेकखाली काय काय राहते याची मला खरोखर धास्ती वाटते. कट्ट्यावरून अंगणात उतरायला संपूर्ण रुंदीची, कट्ट्याच्या निम्म्या उंचीची एक पायरी आणि एका बाजूला स्टीलचा कठडा असावा. कठड्याला बाबा नको म्हणतील. त्यांनी तो कुंड्या टांगण्यासाठी आहे असे समजावे.

उरलेल्या अंगणात ग्रॅनाइट, आणि त्याला घरापासून दूर, मागच्या गटाराच्या दिशेने ढाळ. तीन मीटरला तीन सेंटिमीटर पुरे होतो, पण खरखरीत दगडावर पाणी रेंगाळते, म्हणून आपण चार सांगू. बाबा, इथे तुमची गरज आहे. मिस्त्री सांधे भरण्यापूर्वी पाणसळ लावून ढाळ तपासा आणि एक बादली पाणी ओतून ते कुठे थांबते ते पाहा. सांधे भरल्यावर त्याला पुन्हा उखडायला सांगणे कठीण जाते. तुळशी वृंदावन हलवायचे नाही, दगड त्याच्या भोवतीने कापून बसवायचा, हे आई त्याला स्वतः सांगेल.

काम पाऊस पूर्ण थांबल्यावर, जमीन सुकू देऊन सुरू करावे लागेल आणि दिवाळीला कारागीर गावी जाण्याआधी ते उरकायला हवे, म्हणजे हाताशी वेळ थोडा आहे. मी पुढच्या रविवारी बेलापूरला येते, तेव्हा तुर्भ्याला जाऊन दगडाचे नमुने पाहू. नमुना ओला करून, चप्पल काढून त्याच्यावर उभे राहून पाहायचे आहे, तेव्हा आईनेही सोबत यावे. जुन्या फळ्या सुताराला भंगारात देऊ नका. त्यांतल्या गाभ्याच्या ज्या चांगल्या निघतील त्यांचा हॉलमध्ये ठेवायला एक बाक होईल, आणि त्याला तेल लावायचे झाले तर बाबांना पंख्याखाली खुर्चीत बसून लावता येईल.

तुमची लाडकी लेक,
मनू

ता. क. बाबा, दरपत्रकात 'डेकिंग' असा एकच आकडा असेल तर सही करू नका. फळ्या, सांगाडा, क्लिपा आणि मजुरी वेगवेगळी लिहून घ्या. सांगाडा लोखंडी पाइपचा धरून दर कमी दाखवण्याची युक्ती नेहमीची आहे.