बारक्याला इतक्यात मॅटवर सोडू नका

लॉरेन्सव्हिल, जॉर्जिया
२३ नोव्हेंबर २०२५

ती. नाना आणि सौ. आईस,
साष्टांग नमस्कार.

फराळाचा डबा मिळाला. चकल्यांचा निम्मा भुगा झाला होता, पण यांनी तो भुगाही दह्यात कालवून संपवला. करंज्या शाबूत आल्या. चिमीने शाळेत नेल्या आणि तिथल्या बाईंनी कृती विचारलीय, तेवढी आईने सवडीने सांगावी.

मागल्या रविवारी फोनवर नाना म्हणाले, "गुडघ्याच्या ऑपरेशनला तीन महिने झाले, आता बारक्या चांगला चालतोय की. जत्रेच्या कबड्डीच्या सामन्यांत उतरू दे त्याला." मागून बारक्या ओरडला, "मी तयार आहे." मी गप्प बसले, कारण बोलले असते तर भांडणच झालं असतं. म्हणून हे पत्र. फोन नाना मध्येच ठेवून देतात, पत्र आई शेवटपर्यंत वाचून दाखवेल.

तुम्हाला माहीत आहे, मी फिजिओथेरपीच्या क्लिनिकात बिलिंगला बसते. आमच्याकडे निम्मे पेशंट गुडघे बदललेले आजी-आजोबा आणि उरलेली बहुतेक बेसबॉल खेळणारी शाळकरी पोरं. माझ्या टेबलासमोरच्या काचेतून सगळा व्यायामाचा हॉल दिसतो. परवा एक पंधरा-सोळा वर्षांचा पोरगा आला होता. कोपराच्या आतल्या बाजूला लांबलचक वण. समोर तांदळाने भरलेली प्लास्टिकची बादली. त्यात हात खुपसून तो मूठ उघडत होता, मिटत होता, मनगट फिरवत होता, आणि तांदूळ करकर वाजत होते. घाम गळेपर्यंत हेच. त्याचा बाप भिंतीला टेकून उभा. मला म्हणाला, "सहा महिने झाले हो, अजून नीट फेकू का देत नाहीत?" मला नानांचाच आवाज ऐकू आला.

बेसबॉलचा पिचर म्हणजे आपला गोलंदाज, फक्त हा चेंडू हात वाकवून फेकतो. ताशी दीडशे किलोमीटरने पुन्हापुन्हा फेकून कोपराच्या आतलं लिगामेंट, म्हणजे हाडाला हाड बांधणारा पट्टा, जातं. पूर्वी ते गेलं की खेळ संपला. १९७४ साली लॉस एंजेलिसमध्ये डॉ. फ्रँक जोब यांनी टॉमी जॉन नावाच्या डावखुऱ्या पिचरच्या उजव्या मनगटातली शीर काढून डाव्या कोपरात बसवली. शीर म्हणजे स्नायूबंध, रक्ताची नव्हे. शंभरात एक वेळ जमेल, असं डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं. तो १९७५ चं सबंध वर्ष खेळला नाही, १९७६ मध्ये परतला आणि सेहेचाळीस वर्षांचा होईपर्यंत खेळला. त्याने जिंकलेल्या २८८ सामन्यांपैकी १६४ ऑपरेशननंतरचे. तेव्हापासून त्या ऑपरेशनलाच 'टॉमी जॉन' म्हणतात.

ही मनगटातली शीर सगळ्यांना नसते बरं का. अंगठा आणि करंगळीची टोकं जुळवायची, मनगट जरासं आत वाकवायचं, की मनगटाच्या मधोमध दोरीसारखी उभी राहते. माझ्या उजव्या हाताला आहे, डाव्याला नाही. नानांनी बघावं स्वतःचं. ती नसली तरी काही अडत नाही, म्हणून तर काढून दुसरीकडे लावतात. आपल्या बारक्याचीही मिरजेला मांडीमागची काढून गुडघ्यात बसवलीय, तसलंच हे.

आता खरं सांगायचं ते. इथला मोठा संघ म्हणजे अटलांटा ब्रेव्ह्ज. त्यांचा रोनाल्ड अकुन्या, व्हेनेझुएलाचा पोरगा. १० जुलै २०२१ ला मायामीत चेंडूसाठी उडी मारली, खाली आला आणि उजव्या गुडघ्याचं लिगामेंट गेलं. बारक्याचं गेलं तेच, एसीएल. बारक्याला वाटतं आपल्याशिवाय मंडळाचं कसं होणार. तर ऐका, ब्रेव्ह्जने त्याच महिन्यात बाहेरून चार जण आणून त्याची जागा भरून काढली आणि त्याच वर्षी वर्ल्ड सीरीज, म्हणजे बेसबॉलचं अजिंक्यपद, जिंकली. हा घरी बसून!

नऊ महिन्यांनी, २०२२ च्या एप्रिलअखेर, तो मैदानात आला. लोकांना वाटलं, झालं, बरा झाला. पण त्या वर्षी त्याचे होमरन, म्हणजे आपले षटकारच, फक्त पंधरा. गुडघा दुखायचा, मधूनमधून त्याला नुसतं फलंदाजीलाच उतरवायचे, क्षेत्ररक्षणाला दुसराच. आमच्याकडे येणारे म्हातारे तोंड वाकडं करून म्हणायचे, पोरगा संपला. पुढच्याच वर्षी त्याने ४१ होमरन मारले आणि ७३ वेळा बेस चोरला, म्हणजे पिचरची नजर चुकवून पुढच्या तळावर पळत जाणं. एका हंगामात ४० होमरन आणि ७० चोऱ्या आजवर कुणालाच जमल्या नव्हत्या. म्हणजे गुडघा बरा व्हायला नऊ महिने लागले आणि माणूस बरा व्हायला त्यावर आणखी एक वर्ष.

नाना, पुढचं नीट ऐका. २६ मे २०२४, पिट्सबर्ग. सामन्याची पहिलीच पाळी. अकुन्या दुसऱ्या तळावरून तिसऱ्याकडे निघाला, मध्येच थांबून मागे वळला आणि डावा गुडघा गेला. या खेपेला डावा! कुणी आपटला नाही, कुणी पाय घातला नाही. नुसतं वळताना. आमच्याकडे तो तुकडा पोरांनी मोबाईलवर दहादा लावला आणि मला दरवेळी पलूसचं मैदान दिसलं. बारक्या चढाई करून मध्यरेषेकडे वळला, कुणी धरलंही नव्हतं, आणि खाली बसला. तेव्हा आपलेच लोक म्हणाले, "नाटक करतोय, हात तरी कुठं लागला?" बारक्या ते अजून विसरलेला नाही. त्याची घाई त्या बोलण्यामुळे आहे, गुडघा बरा झाला म्हणून नाही.

दुसऱ्या वेळी मात्र अकुन्याला घाईने आणला नाही. जवळजवळ वर्ष थांबवला, तीन दिवस कमी. २३ मे २०२५ ला परतला आणि पहिल्याच चेंडूवर होमरन, ४६७ फूट, म्हणजे एकशे चाळीस मीटरच्याही पुढे! हे टीव्हीसमोर उभे राहून ओरडले, चिमी झोपेतून उठली. पण मी शेवटी त्याच्या चोऱ्या मोजल्या. सगळ्या हंगामात नऊ. त्र्याहत्तरवरून नऊ. फलंदाजी तशीच दणदणीत, २१ होमरन, पण पायांना तो जपून वापरतोय. या महिन्यात त्याला पुनरागमनाचा पुरस्कारही मिळाला.

बाकी संघाचं हे वर्ष म्हणजे निव्वळ दवाखाना. हंगाम सुरू झाला तेव्हा जे पाच मुख्य पिचर होते, ते पाचही जुलै संपेतो जायबंदी यादीत! कुणाचा खांदा, कुणाचं कोपर. त्यातला ए.जे. स्मिथ-शॉव्हर तेव्हा अवघा बावीस वर्षांचा. मेमध्ये फिलाडेल्फियात चेंडू टाकताना कोपर गेलं, जूनमध्ये टॉमी जॉन. आता पुढचा हंगाम सुरू होईल तेव्हाही तो कुठेतरी बादलीतच हात घालून बसलेला असेल.

नानांना आवडेल असा एक मात्र आहे, ख्रिस सेल. टॉमी जॉन झालं, बरगडी मोडली, चेंडू लागून बोट मोडलं आणि त्याच महिनाभरात सायकलवरून पडून मनगट मोडलं. (लुनावरून पडून नाना दुसऱ्या दिवशी शेतात गेले होते ते आठवलं.) संपला म्हणून त्याच्या जुन्या संघाने ब्रेव्ह्जला देऊन टाकला, आणि २०२४ मध्ये पस्तिसाव्या वर्षी तो आपल्या लीगचा सर्वोत्तम पिचर ठरला. यंदा जूनमध्ये सामन्याच्या शेवटच्या पाळीत चेंडूवर सूर मारला आणि पुन्हा बरगड्या. अशा माणसाला काय म्हणावं. पण बरगडी वेगळी आणि गुडघा वेगळा, हेही नानांनी ध्यानात घ्यावं.

पैशाचंही सांगते, कारण बारक्याच्या डोक्यात तेही आहे. मोठ्या संघातला खेळाडू जखमी यादीत असला तरी पूर्ण पगार चालू. आमच्या गावातच ब्रेव्ह्जचा धाकटा संघ आहे, ग्विनेट. तिथल्या पोरांचा किमान पगार २०२३ मध्ये वर्षाला ३५,८०० डॉलर ठरला होता, आणि वरच्या संघात पाऊल पडलं की २०२५ मध्ये किमान ७,६०,०००. म्हणून ही पोरं दुखणं लपवतात. कोपर ठणकतंय म्हणून सांगितलं तर जागा दुसऱ्याला. बारक्याला पोलीस भरतीत खेळाडू कोटा हवाय आणि जत्रेत निवड समितीचे लोक येतात, हे मला कळतं. पण ते लंगडणाऱ्याला घेणार आहेत का? उतावळा नवरा आणि गुडघ्याला बाशिंग, ही म्हण कुणीतरी त्याला बघूनच केली असावी.

आमच्या फिजिओंना मी बारक्याची गोष्ट सांगितली. त्यांनी एकच विचारलं, "एका पायावर उडी मारून त्याच पायावर उतरतो का, आणि दोन्ही पायांची उडी सारखी पडते का?" तेवढं अंगणात खडूने रेघ मारून बघता येईल, पण आत्ता नाही, मिरजेच्या डॉक्टरांनी उडीची परवानगी दिल्यावर. आत्ता तीन महिन्यांत नुसतं चालणं, सायकल आणि मांडीचे व्यायाम. नऊ महिन्यांच्या आत चढाईचं नावही नको, आणि तेल लावून गुडघा चोळणाऱ्या त्या हाडवैदाकडे तर मुळीच नको.

यांचे मित्र डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात पुण्याला येताहेत. त्यांच्याजवळ रबरी पट्ट्या देतेय, पिवळी, लाल आणि हिरवी. पिवळीपासून सुरुवात करायची. बारक्या थेट हिरवीला हात घालेल, तेव्हा ती आईने कपाटात ठेवावी आणि किल्ली नानांना देऊ नये.

तुमची लेक,
अक्का

ता. क. आई, बादलीतले ते तांदूळ नंतर कुणी शिजवत नाहीत. मी विचारून घेतलं.