विषय : ट्रान्सफॉर्मरच्या नेमप्लेटवर इम्पिडन्स (करंटला होणारा आतला अडथळा) 5 टक्के, टेस्ट सर्टिफिकेटवर 4.02

नमस्कार साहेब,

तुमच्याकडून घेतलेला 1000 केव्हीए, 11 केव्ही / 433 व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर आम्ही दीड महिन्यापूर्वी जुन्या 1000 केव्हीएच्या शेजारी पॅरलल लावला, म्हणजे दोघं मिळून एकच लोड ओढतात. जुन्याचा इम्पिडन्स 5 टक्के आहे, म्हणूनच ऑर्डरमध्ये 5 टक्के असं ठळक लिहिलं होतं, आणि तुमच्या माणसाला फोनवर दोनदा सांगितलंही होतं की हा पॅरललला चालणार आहे.

मागच्या आठवड्यात सेकंड शिफ्टला मी स्वतः क्लॅम्प मीटर लावून बघितलं तर नवा 1200 अँपिअर आणि जुना 960. दोन्हीचे टॅप (व्होल्टेज कमी-जास्त करायचं सेटिंग) एकाच नंबरवर, केबल सारख्याच लांबीच्या, तरी हे असं का म्हणून तुमचं टेस्ट सर्टिफिकेट काढलं. त्यात एलव्ही (433 व्होल्टची बाजू) शॉर्ट करून एचव्हीला (11 केव्हीच्या बाजूला) 442 व्होल्ट, म्हणजे 11,000 च्या 4.02 टक्के, दिल्यावरच 52.5 अँपिअर म्हणजे फुल लोड करंट आलाय. 5 टक्क्यांना तिथे 550 व्होल्ट लागायला हवे होते ना! टॉलरन्स प्लस मायनस 10 टक्के धरला तरी 4.5 च्या खाली जाता येत नाही. म्हणजे तुमच्या टेस्ट बेंचवर हे दिसलेलं होतं, तरी प्लेट 5 ची ठोकून माल पाठवला.

तुमचे सर्व्हिसवाले म्हणाले, इम्पिडन्स कमी म्हणजे चांगलंच, व्होल्टेज ड्रॉप कमी होतो. एकटा चालवायचा असता तर मी ऐकून घेतलं असतं. पण पॅरललमध्ये ज्याचा इम्पिडन्स कमी तो लोड जास्त ओढतो. पुढच्या महिन्यात आमचा लोड 1900 केव्हीएवर जातोय, तेव्हा हा 1055 वर जाणार आणि जुना 845 वर आरामात बसणार, म्हणजे नवा 1000 ला भरला की जुना 800 वरच, 2000 चे पैसे मोजून हातात 1800 च. शिवाय बसबारवरचा (पॅनेलमधल्या मुख्य पट्ट्यांवरचा) फॉल्ट करंट, म्हणजे शॉर्ट सर्किट झालं तर वाहणारा करंट, 53 केए (किलो अँपिअर) धरून पॅनेल केलं होतं तो आता 60 वर गेलाय, पॅनेल 65 चं आहे म्हणून ठीक, पण फॉल्टच्या वेळी मोटर्स उलट करंट देतात ते वेगळंच, मग मार्जिन राहिलं किती? रात्री तिथे आमची पोरं काम करतात हो.

एक तर 4.5 ते 5.5 मध्ये बसणारा दुसरा ट्रान्सफॉर्मर द्या आणि त्याची इम्पिडन्स टेस्ट आमच्या माणसासमोर करा, नाही तर हा परत न्या. 8 दिवसांत लेखी उत्तर पाहिजे, फोन नको. तोपर्यंत उरलेलं 10 टक्के पेमेंट थांबवलंय.

सर्टिफिकेट, नेमप्लेट आणि मीटर रीडिंगचे फोटो सोबत जोडलेत.

मेंटेनन्स विभाग, मशिनिंग शॉप, कोल्हापूर